विकत घेतलेली साक्ष

शास्त्रभाग : मत्तय २८:११-१५



कबरेवरच्या पहारेकऱ्यांची गोष्ट आपण पुनरुत्थानाच्या सणाला ऐकतो आणि पुढे जातो. मुख्य याजकांनी त्यांस पुष्कळ पैसा दिला, आणि काय बोलायचे तेही पढविले : आपण झोपेत असता शिष्यांनी येऊन देह चोरला. झोपलेल्या माणसाला चोर दिसला कसा? न पाहिलेल्या गोष्टीची ती साक्ष. पण सगळ्यांच्या तोंडी एकच होती, म्हणून ती पसरली.

गेल्या हंगामात आम्ही आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडच्या एका गावी सायंप्रार्थनेला गेलो होतो. घरात मराठी, बाजारात तेलुगू बोलणारी ही आमची माणसे. बहुतेकांचे पोट कापसावर. प्रार्थना आटोपल्यावर मंडळीतल्या एका तरुणाने आम्हांस मोबाईल दाखविला. वस्तूंना पाच तारे द्यायचे, चार ओळी स्तुतीच्या लिहायच्या, शेऱ्यामागे काही रुपये मिळायचे. एका फवारणीच्या औषधाबद्दल त्याने लिहिले होते, की आमच्या चार एकरांतली बोंडअळी एका फवारणीत गेली. त्याच्या बापाला गुंठाभर जमीन नाही. "साहेब, मी कोणाचे काही चोरले नाही," तो म्हणाला.

शेजारी मंडळीचे एक वडील बसले होते. त्यांनी यंदा असेच तारे पाहून औषध मागविले होते आणि अळी काही गेली नव्हती. याच मुलाचे शब्द त्यांनी वाचले होते की दुसऱ्या कोणाचे, कोण सांगणार! ते काही बोलले नाहीत. त्यांचे न बोलणेच आम्हांस जड गेले.

नाबोथाच्या द्राक्षमळ्यासाठी ईजबेलीला दोनच खोटे साक्षीदार पुरले (१ राजे २१). आज दोनशे मिळतात, आणि त्यांची तोंडेही दिसत नाहीत. सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९०००:२०२२ हे मानक काढले. विकत घेतलेले किंवा विक्रेत्याच्याच माणसांनी लिहिलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत, असे त्यात आहे. पण ते ऐच्छिक म्हणून आले, आणि ऐच्छिक सचोटी किती दुकानांत चालते हे काट्यावर कापूस घातलेल्यांस सांगायला नको.

खोटे लिहिणाराही यात सुटत नाही. जुलै २०२३ मध्ये हैदराबाद पोलिसांनी ७१२ कोटींची एक फसवणूक उघडकीस आणली. देशभरातले सुमारे १५,००० लोक तीत नाडले गेले. आरंभ असाच : घरबसल्या तारे द्या, पैसे मिळवा. थोडे पैसे खरोखर हाती आले, विश्वास बसला, मग त्यांच्याकडूनच मोठाल्या रकमा भरवून घेतल्या. जो कळप इतरांस फसवायला जमविला असे वाटत होते, तोच कापला गेला.

आणि आपण? नकाशावर आपल्या मंदिराला सर्वांनी पाच तारे द्यावेत, असा निरोप एका मंडळीत फिरला होता. जे नाताळखेरीज मंदिरात येत नाहीत त्यांनीही उपदेशाची वाहवा लिहिली. आम्ही ते वाचून सुखावलो, हे येथे कबूल केले पाहिजे. 'साक्ष' हा शब्द आपण दर रविवारी वापरतो. न अनुभवलेल्याची साक्ष औषधाबद्दल पाप आणि मंदिराबद्दल पुण्य, असे कसे होईल?

त्या तरुणाने शेवटी विचारले, "त्या पैशांतून मी उपकारस्तुतीच्या सणाला दान टाकले. ते चालेल का?" यहूदाचे रुपे कोशात घालायला याजकांनी नकार दिला होता, शिपायांना पैसे मोजताना मात्र त्यांस काही खटकले नाही. आम्ही पंचांशी बोललो आणि ती रक्कम त्यास परत दिली. ती त्याने त्या वडिलांपुढे ठेवली. त्यांनी घेतली नाही. "आधी लिहिलेले पूस," एवढेच म्हणाले.

त्याच रात्री तो पुसायला बसला. स्वतःच्या नावाने लिहिलेले पुसता आले. दुसऱ्यांच्या नावांनी उघडलेल्या खात्यांवरचे मात्र त्याच्या हाती राहिले नव्हते; ते अजून तेथेच आहेत.