आवडली म्हणजे काय?
दोन कार्यकर्ते भेटले की विचारतात, हल्ली काय वाचलंस? उत्तर येतं, 'फकिरा'. लय आवडली! पण आवडली म्हणजे नेमकं काय झालं?

मुल्कराज आनंदांच्या 'अनटचेबल'मध्ये (१९३५) बाखाला भर रस्त्यात थप्पड बसते. वाचणारा हळहळतो. हळहळायला दमडी पडत नाही.

अण्णा भाऊंचा फकिरा (१९५९) उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो. इथं हळहळून भागत नाही. ही चोरी की न्याय? बाजू घ्यावीच लागते. बाबासाहेबांच्या लेखणीला ही कादंबरी अर्पण केली, ती उगाच नव्हे.

पुस्तक मिटल्यावर रेशनच्या रांगेत म्हातारीचं धान्य मापात मारलं जातं, तेव्हा आपण तीच बाजू घेतो का? आवडीची किंमत तिथं ठरते.

म्हणून नुसतं 'आवडली' म्हणू नका. कुणाच्या बाजूनं उभे राहिलात, ते सांगा.