इनॅमलची बाजू घेताना

इनॅमलचं बिडाचं पातेलं घ्यावं का, असं मी शिकवते त्या वर्गांत बायका हल्ली वारंवार विचारतात. मी ‘जरूर घ्या’ म्हणते. हे उत्तर फार सहज तोंडून निघतं, म्हणूनच ते मनापुढे ठेवून तपासावंसं वाटलं. विचारणारी माझ्या शब्दावर विसंबून काही हजार रुपये खर्च करणार असते.

इनॅमल म्हणजे काच. तिची भुकटी बिडावर किंवा पोलादी पत्र्यावर चढवून साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजली की ती वितळून धातूला घट्ट धरते. मग आंबटाचा लोखंडाशी संबंधच येत नाही. चिंच, आमसूल, ताक, टोमॅटो यांच्यावाचून ज्यांचं पान हलत नाही, त्या आपल्यासारख्यांना याचं मोल मोठं. चिंचगुळाची आमटी लोखंडी कढईत उकळली की काळपट होते, जिभेवर लोखंडाची चव रेंगाळते. पितळी पातेल्याची कल्हई गेली की त्यात ताक कळकतं. कल्हई म्हणजे कथील. ते २३२ अंशांना वितळतं, शिवाय ती पुन्हापुन्हा करून घ्यावी लागते, आणि कल्हईवाला आता किती गल्ल्यांत येतो? इनॅमलमध्ये मात्र अळूचं फतफतं तासभर रटरटलं तरी त्याचा रंग आणि चव भांड्यामुळे बिघडत नाही. जाड बीड उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे गॅस बंद केल्यावरही उसळ मुरत राहते. इथपर्यंत मी ठामपणे बोलू शकते.

पण काचेने आंबट अडवलं, तसं लोहही अडवलं. साध्या लोखंडी कढईतून, विशेषतः आंबट पदार्थात, थोडं लोह उतरतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. माझ्यासमोर बसलेल्या बायकाही याच वयातल्या. मी ज्याला गुण म्हणते, तो त्यांतल्या कित्येकींच्या ताटातून काहीतरी काढून घेतो. कढईने औषधाचं काम भागत नाही हे खरं, तरीही इनॅमलचं कौतुक ऐकून कुणी घरची लोखंडी कढई माळ्यावर टाकली तर त्याची जबाबदारी माझ्याकडे येते. म्हणून आता दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगते.

याहून अवघड प्रश्न कामाच्या वाटणीचा. हे भांडं भरलं की दोन्ही हातांनी उचलावं लागतं. तारेच्या घासणीने त्याची चकाकी जाते, ओट्यावर आपटलं तर टवका उडतो. तापलेल्यावर गार पाणी ओतलं तर काच तडकते, आतून टवका उडालेलं भांडं मग रांधायला वापरू नये. एवढं जपणूक मागणारं भांडं आपण हौसेने आणतो, पण अनेक घरांत ते घासते दुसरीच कुणी, घाईत, पुढची चार घरं डोळ्यांसमोर ठेवून. उडालेल्या टवक्याचा ठपका तिच्यावर येतो. मला हे पटत नाही. ज्याने हौस केली त्याने ते कोमट पाण्यात भिजत घालावं आणि मऊ घासणीने स्वतः धुवावं. माझ्या घरी मी तेच करते.

आणि रंग? फ्रान्समध्ये १९२५ साली सुरू झालेल्या ल क्रूझे कंपनीचं पहिलं भांडंच नारिंगी होतं. मला तो रंग मनापासून आवडतो. पण रंगाने आमटी चांगली होत नाही, तेव्हा फायदे सांगताना मी तो मोजणार नाही. जाड बुडाचं स्टीलचं पातेलंही आंबट नीट सांभाळतं आणि खूप स्वस्त पडतं, हेही सांगायला हवं. इनॅमलचा खरा वरचष्मा मंद आचेवर, वेळ घेऊन शिजणाऱ्या आंबट पदार्थांत आहे. मोठ्या आचेवर रिकामं तापवणं त्याला सोसत नाही, त्यामुळे चरचरीत फोडणी लोखंडी पळीत करून वरून द्यावी.

तेव्हा घरात सार, आमटी, कढी रोजची असेल आणि लोखंडी कढई चालूच राहणार असेल, तर अवश्य घ्या. मात्र पैसे देण्याआधी दुकानातच ते झाकणासकट उचलून पाहा, आणि भरल्यावर ते आणखी जड होणार आहे हे लक्षात ठेवा.