आधी ऐकावे, मग खंडावे

माणसे एकत्र आली की मतभेद आलेच. फडावर होतात, पारावर होतात, दिंडीच्या मुक्कामी भाकरी खाता खाताही होतात. त्यात वावगे काही नाही. वावगे आहे ते समोरच्याचे म्हणणे न ऐकताच ते खोडून काढल्याचे समाधान मानणे. 'तो काय सांगणार मोठा?', 'त्याच्या गळ्यात माळ तरी आहे का?', 'कालची पोर, हिला काय कळते!' अशी वाक्ये आपल्या तोंडी सहज येतात. चार माणसे हसतात, माना डोलावतात आणि विषय संपतो. पण संपला कोण? बोलणारा माणूस खाली बसला. त्याने मांडलेला मुद्दा मात्र होता तिथेच उभा राहिला.

आपल्या संप्रदायाला हा प्रश्न परका नाही. इंद्रायणीच्या डोहाने तो पाहिला आहे. वाघोलीचे रामेश्वरभट्ट मोठे विद्वान, वेदशास्त्र जाणणारे. तुकोबांच्या अभंगांतून वेदांचा अर्थ प्रकट होतो हे त्यांच्या कानी आले आणि शूद्राच्या मुखातून वेदार्थ निघणे हा अधर्म, असा त्यांनी निवाडा दिला. अभंगांच्या वह्या डोहात गेल्या. ही कथा आपण शेकडो वेळा ऐकली आहे. आज तिच्याकडे वेगळ्या बाजूने पाहू.

रामेश्वरभट्टांजवळ विद्या होती. एखादा अभंग समोर ठेवून 'हा सिद्धांत श्रुतीला सोडून आहे, येथे अर्थ चुकला आहे' असे दाखवणे त्यांना अवघड नव्हते. पण त्या निवाड्यात कोणता अभंग खोटा हे कोठेच नव्हते. सारा भर बोलणारा कोण यावर होता. आणखी एक गंमत पाहा. 'याच्या मुखातून वेदार्थ निघतो' हाच आक्षेप असेल, तर जे निघते ते वेदार्थ आहे हे आक्षेप घेणाऱ्यानेच मान्य केले! खंडन करायला निघालेला माणूस न कळत मंडन करून बसला. मुद्द्याला हात न लावता माणसाला हात लावला की असे होते.

पुढे काय झाले तेही आपण जाणतो. वह्या तरल्या, हा चमत्कार आपण सांगतो. पण मला त्याच्या बरोबरीचा दुसरा चमत्कार वाटतो. ज्यांनी वह्या बुडवायला लावल्या, तेच रामेश्वरभट्ट तुकोबांना शरण आले आणि त्यांनी रचलेली तुकोबांची आरती आपण आजही म्हणतो. मधल्या काळात काय बदलले? तुकोबांची जात बदलली नाही. अभंगांचा अक्षरार्थ बदलला नाही. बदलला तो ऐकणारा. जे आधी बंद कानांनी नाकारले होते, ते उघड्या मनाने समोर आले. रामेश्वरभट्टांचे मोठेपण असे की त्यांनी आपला निवाडा फिरवला आणि तो जगासमोर फिरवला. निवाडा देणारे पुष्कळ असतात, फिरवणारे थोडे.

आता कुरुक्षेत्रावर येऊ. अर्जुनाने पहिल्या अध्यायात नुसते रडगाणे गायलेले नाही, युक्तिवाद मांडला आहे. कुलाचा नाश झाला की कुलधर्म जातो, तो गेला की अधर्म माजतो, पितरांचे पिंड चुकतात. मग असे राज्य घेऊन काय करायचे? दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी भगवंतांनी याला काय उत्तर दिले? आधी फटकारले. हे तुला शोभत नाही, हा दुबळेपणा सोड आणि ऊठ, असे म्हटले. प्रत्यक्ष भगवंताची वाणी! पण अर्जुन उठला नाही. भीष्म-द्रोणांवर बाण कसे टाकू, हा प्रश्न त्याने पुन्हा विचारला आणि 'मी लढणार नाही' म्हणून गप्प बसला. तेव्हा कुठे भगवंत हसल्यासारखे करून बोलू लागले, आणि ते बोलणे अठराव्या अध्यायापर्यंत चालले.

दटावणीने अर्जुन उठत नाही, हे भगवंताला ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? आपल्याला ते दिसावे, असेच समजू या. मधे अर्जुनाने किती वेळा अडवले! तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच तो म्हणतो, ज्ञान श्रेष्ठ म्हणता तर मला या घोर कर्मात का घालता? सहाव्यात म्हणतो, मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरायचे कसे? भगवंतांनी एकदाही 'मी देव आहे, मला प्रश्न विचारू नकोस' असे म्हटले नाही. आणि सगळे सांगून झाल्यावर शेवटी म्हणाले, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. ज्याच्या शब्दाला वेदांचे बळ, त्यानेसुद्धा समोरच्याच्या विचाराला जागा ठेवली. आपण कोणत्या बळावर ती काढून घेतो?

माउलींनी ज्ञानेश्वरीच्या मंगलाचरणात वाङ्मयरूपी गणेश उभा केला आहे. त्याच्या हातातला परशू म्हणजे तर्क. पण त्याचा शुभ्र दात कोणता? संवाद. आणि त्या दाताचा पांढरा रंग कोणता? समता. हे रूपक नीट मनात ठेवावे. गणेशाच्या मूर्तीत शस्त्र आहे, तर्काला बंदी नाही. पण मुखावर शोभतो तो संवाद, आणि त्या संवादाला रंग पक्षपाताचा नाही, समतेचा आहे. 'तू कोण' असे आधी विचारले की समता गेली. समता गेली की दाताचा रंगच गेला.

नाथमहाराजांचा हिंदू-तुर्क संवादही असाच. तुर्क पुराणांतल्या कथांवर बोट ठेवतो, दगडात देव कसा म्हणून विचारतो. हिंदू उलट विचारतो, देव सगळीकडे असेल तर एकाच दिशेला तोंड का? दोघेही एकमेकांना टोचून बोलतात. पैठणच्या ब्राह्मण कुळातल्या नाथांना तुर्काच्या तोंडी बुळबुळीत प्रश्न घालणे सोपे होते. त्यांनी धारदार प्रश्न घातले. म्हणून शेवटी दोघांत जे ऐक्य होते ते खरे वाटते. मुद्दे झाकून केलेली मैत्री पहिल्या पावसात वाहून जाते.

येथे कोणी म्हणेल, 'महाराज, मग काय येईल त्याच्याशी वाद घालत बसायचे? नामस्मरण कधी करायचे?' शंका योग्य आहे. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार केले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे नुसते पाडायचे, ती वितंडा. जल्प आणि वितंडा यांपासून साधकाने दूर राहावे, यात संशय नाही. पण दूर राहणे वेगळे आणि खंडन केले म्हणणे वेगळे. 'मला या वादात पडायचे नाही, माझे नाम चालू दे' असे म्हणणारा प्रामाणिक आहे. त्याने समोरच्याच्या मताबद्दल काहीच दावा केला नाही. 'तुझ्या म्हणण्यात काही तथ्य नाही' असे म्हटले की मात्र दावा झाला, आणि दाव्याचे कारण देणे आले. कारण न देता केलेले खंडन म्हणजे पैसे न देता उचललेला माल.

शिवाय वितंडा घालतो कोण, हेही तपासावे. समोरचा बोलण्याआधीच त्याला वितंडवादी ठरवून, स्वतःचे काही न मांडता त्याला पाडणारा आपणच असलो, तर तो शब्द कोणाला लागू पडतो?

हा प्रश्न आज घराघरांत आला आहे. कॉलेजात जाणारा नातू विचारतो, 'आजोबा, देव सगळीकडे आहे ना? मग पंढरपूरला पायी कशाला जायचे?' यावर 'नास्तिक झालास, गप्प बस' हे एक उत्तर. पोरगा गप्प बसेल. आजोबा जिंकले असे वाटेल. पण प्रश्न त्याच्या मनात राहील, आणि 'यांच्याजवळ उत्तरच नाही' ही खूणगाठ त्याच्यासोबत राहील. पुढच्या आषाढीला तो येणार नाही.

दुसरे उत्तर असे: 'बाळा, देव सगळीकडे आहे हे संतांनीच सांगितले, आणि तेच संत वारीला गेले. याचा अर्थ चालणे देवाच्या सोयीसाठी नाही, आपल्या सोयीसाठी आहे. वारा सगळीकडे असतो, पण उकडले की आपण पंखा हलवतोच ना? घरी बसून मी माझाच असतो. वाटेवर अनोळखी माणूस माझ्या पाया पडतो, मी त्याच्या पडतो; तिथे मीपणा जरा सैल होतो. सगळीकडे असलेला देव दिसायला तेवढा सैलपणा लागतो.' नातवाला हे पटेल की नाही सांगता येत नाही. पण आपला प्रश्न आजोबांनी हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि मग उत्तर दिले, हे त्याला नक्की कळेल. आणि कदाचित तो दुसरा प्रश्न विचारेल. अर्जुनानेही विचारलाच होता.

वारीत आपण समोरच्याच्या पाया पडतो, तेव्हा त्याची जात, विद्या, वय विचारत नाही. त्याच्यात पांडुरंग आहे असे मानतो. ज्याच्या पायावर डोके ठेवले त्याचे बोलणे मात्र ऐकणार नाही, हे कसे जमेल? पाय वंद्य आणि मुख निंद्य, असा भेद पांडुरंगात नाही. म्हणून कोणाचे म्हणणे नाकारण्याआधी स्वतःला एवढे विचारावे: त्याचे म्हणणे मी त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगू शकतो का? येत असेल तर खुशाल खंडन करावे, परशू हातात आहेच. येत नसेल, तर अजून ऐकायचे बाकी आहे.

॥ रामकृष्णहरि ॥