गरजेचा कागद

पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा गावात यायचा तो वाटण्या होऊनच. साठ टक्के बंधित, म्हणजे पाण्याला आणि स्वच्छतेलाच लावायचा. चाळीस टक्के अबंधित, तो गावाच्या गरजेप्रमाणे. आता गावाची गरज म्हणजे कुणाची, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

भिवंडी तालुक्यातलं आमचं गाव. आराखड्यासाठी घरोघर जाऊन गरजा लिहायच्या होत्या. मी दहावी शिकलेला, अक्षर बरं, म्हणून कातकरीवाडीचे कागद माझ्याकडे आले. तानसाचं पाणी १८९२ पासून आमच्या तालुक्यातून मुंबईला जातं आणि आमच्या बाया हंडे वाहतात. तेव्हा वाडीला पाणीच हवं असणार, हे मी घरूनच ठरवून निघालो होतो.

एक म्हातारी म्हणाली, "दादा, पाणी आमी आनतो. तू मसनाची वाट लिव. पावसात मढं न्यायचं म्हंजे खांदेकरी पन घसरतो."

मी थांबलो. वाट अबंधितात जाणार, आणि तिथं मागणारे ढीगभर. नळ बंधितातून नक्की मिळेल. काहीच न मिळण्यापेक्षा नळ बरा, असा विचार करून मी नळ लिहिला. खाली तिचा अंगठा घेतला.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत यादी वाचली. वाडी तेव्हा वीटभट्ट्यांवर गेलेली. अबंधितातून आमच्या आळीला पेव्हर ब्लॉक ठरले. माझाही हात वर होता.

नळ आला, पाणीही येतं. वाडीतल्या बाया नळावर भेटल्या की मला राम राम करतात, तेच जास्त बोचतं. कुणी पैसा खाल्ला असता तर चोर धरता आला असता. इथं पै न् पै कागदाप्रमाणे लागली. खोटा होता तो एकच रकाना, आणि तो माझ्या अक्षरात होता.

नळ लिहिला ते चुकलं, असं मी आजही म्हणणार नाही. पण खाली वाट लिहायला जागा होती. ती नामंजूर झाली असती, तरी सभेत वाचली गेली असती. नाही म्हणायला गावाला तोंड उघडावं लागलं असतं. मी गावाचा तेवढा त्रास वाचवला.

गेल्या श्रावणात ती म्हातारी गेली. मयताला गेलो तर गुडघाभर चिखलात पाय रुतला. मागच्या पोरानं दंड धरला म्हणून सावरलो. घरी येऊन पेव्हर ब्लॉकवर उभा राहिलो आणि पाय धुतले. चिखल लगेच निघाला.

यंदा २ ऑक्टोबरच्या सभेसाठी वाट लिहून दिली आहे. तिच्याच शब्दांत.