आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी

काल गाडी दाखवायला आणलीस. उतरलास तेच हसत. "सर, नवीन स्टेअरिंग कसं वाटतं?"

मी आत बसलो. पुढची चाकं सरळ होती. स्टेअरिंग हळूहळू फिरवत गेलो आणि खाली उभ्या पोराला विचारत राहिलो, चाक हललं का? नाही. आता? नाही. चाळीस अंश फिरवलं तेव्हा कुठे टायर जागचं हललं. हे तुला माहीत नव्हतं? केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८ वा नियम वर्गात घडाघडा कोण म्हणायचं? प्ले ३० अंशांच्या वर चालत नाही. बॉल जॉइंटवर रबरी टोप्या हव्यात. बोल्ट-पिना लॉक केलेल्या हव्यात. तुझ्या टाय रॉडच्या दोन्ही टोप्या फाटल्यात. ग्रीसच्या जागी चिखल आहे. आणि तू वर चामड्याचं कव्हर शिवून घेतोस?

"किंगपिन काढायला वेळ नव्हता." मग स्टेअरिंगसाठी मुंबईच्या दोन फेऱ्या मारायला कुठून आला? "जुन्या गाडीचे सुटे भाग मिळत नाहीत." विचारलंस कुणाला? एक नाव सांग. बुश लेथवर करून घेता येतं, हे आता मी तुला शिकवायचं?

वीस इंची काढून चौदा इंची बसवलंस. का, तर दिसायला झकास. अरे, या गाडीला पॉवर स्टेअरिंग आहे का? ते परातीएवढं स्टेअरिंग म्हणजे तरफ होती. जिथे दहा किलोचा जोर पुरत होता, तिथे आता चौदा किलोहून जास्त लावावा लागणार. त्रैराशिक आहे, सातवीतलं. घाटातल्या वळणावर समोरून एसटी आली की तुझे खांदे हे गणित सोडवणार आहेत का?

जुनं काढताना पुलर लावलास की हातोडा? गप्प बसू नकोस. शाफ्टचे चेपलेले आटे मला दिसले.

टेल्को आणि डाइम्लर-बेंझचा करार १९५४ चा, संपला १९६९ ला. त्या पंधरा वर्षांतली, नाकावर तीन टोकांची चांदणी मिरवणारी गाडी तुला घरातून मिळाली. आजोबांच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेलं स्टेअरिंग तू शेडमागे फेकलंस. भेगा पडल्या होत्या, मान्य. इपॉक्सी भरायचं, घासायचं, रंगवायचं. दोन-चार दिवसांचं काम.

दुसरा कुणी असता तर मी एक शब्द बोललो नसतो. याच गाडीचं इंजिन तू एकट्याने बांधलंस, माझा हात न लागता. मी ते चार जणांना बोलावून दाखवलं होतं. ज्याला तेवढं जमतं, त्याने टाय रॉडकडे बघायचा कंटाळा करावा?

गाडी आता रस्त्यावर आणायची नाही. रविवारी सात वाजता जॅक आणि लाकडी ठोकळे काढून ठेव, मी येतो. आणि आधी शेडमागे जा. आजोबांचं स्टेअरिंग शोधून, पुसून ठेव.