अंगणातले पाणी कोणाचे?



पावसाळा तोंडावर आला की मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात एक विषय हमखास निघतो: महापालिकेने गटारे साफ केली की नाही? या विषयावर मीही तावातावाने बोलत आलो आहे. पण गेली काही वर्षे बोलताना जीभ थोडी अडखळते. त्याचे कारण आज सांगावेसे वाटते.

२०१८ चा जुलै आपण कोणी विसरलेलो नाही. नालासोपाऱ्यात वडोदरा एक्सप्रेस अडकली, मिठागरातील वस्तीला पाण्याने वेढा घातला, घराघरांतली वीज गेली. त्या दिवशी आमच्या घरात पाण्याचा थेंब आला नाही. जोते उंच आहे. मात्र आमच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या मावशींच्या चुलीपर्यंत पाणी गेले. दोन दिवसांनी भेटल्या तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "बाबा, पूर्वी पाणी यायचं, पण असं पळत येत नसे गं बाई." तक्रारीचा सूर नव्हता. पण 'पळत' हा शब्द माझ्या मनातून जाईना.

पूर्वी ते का पळत नसे? आमच्या वाडीत मागच्या बाजूला बावखल होते. वाडवडिलांनी खणलेले, काठावर रहाटाच्या खुणा असलेले. उन्हाळ्यात केळी आणि भाजी त्यावर जगत, पावसाळ्यात आजूबाजूचे पाणी त्यात उतरे आणि तिथून हळूहळू जमिनीत मुरे. समुद्रालगतच्या आपल्या पट्ट्यात जमिनीखालचे गोडे पाणी खाऱ्या पाण्याला मागे रेटून धरते. गोड्याचा साठा आटला की खारे आत सरकते आणि विहीर मचूळ होते. बावखल हे गोडे पाणी भरून ठेवत असे. ते आम्ही बुजवले. वापर उरला नव्हता, डास होत होते, मुलाला खोली हवी होती. पुढे राहिलेल्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. दारात चिखल नको, गाडी नीट लागावी, एवढाच विचार. (आपल्या चर्चच्या आवारातही आपण तेच केले, लग्नाच्या पाहुण्यांचे बूट भरू नयेत म्हणून. हेतू चांगलाच होता.)

आता थोडा हिशेब. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडणे आपल्याकडे नवलाचे नाही. म्हणजे माझ्या एका गुंठ्यावर त्या दिवशी दहा हजार लिटर पाणी पडते, एक भरलेला टँकर! माती असती तर त्यातले बरेचसे तिने पिऊन घेतले असते. लादीवरून ते जवळपास सगळेच्या सगळे उताराकडे धावते. गटाराचे तोंड खाडीकडे. तिथे भरती असेल तर पाण्याला पुढे वाट नाही. मग ते मावशींच्या घरी थांबते. आणि गंमत पाहा, मे महिन्यात मीच टँकरला पैसे मोजतो.

ते जाताना रिकाम्या हातांनी जात नाही. गाडीचे गळलेले तेल, साबणाचे पाणी, कुत्र्याची घाण, भरून वाहणारी शौचटाकी, सगळे सोबत घेऊन जाते. पावसाचे पहिले पाणी सर्वांत मळके असते, कारण ते आठ महिन्यांची धूळ धुऊन नेते. मातीतून मुरले असते तर बरेचसे गाळले गेले असते. तुंबलेल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळते आणि पायाला जखम असलेल्या माणसाला लेप्टो होतो. तो माणूस बहुधा उंच जोत्यावर राहणारा नसतो.

इथे माझ्यासमोर खरा प्रश्न उभा राहतो. मी कोणता गुन्हा केला? जमीन माझी, परवानगीची गरज कोणी सांगितली नाही, कोणाचे वाईट चिंतले नाही. माझा एक गुंठा नसता तर मावशींकडचे पाणी बोटभरही कमी झाले नसते, असे कोणी म्हणेल आणि ते बहुधा खरे आहे. पण हेच वाक्य गावातला प्रत्येक जण म्हणू शकतो आणि प्रत्येकाचे खरे असते. सगळ्यांची सुटका होते, तरी पाणी चुलीपर्यंत येते. पापाची कल्पना आपण लहानपणी शिकलो ती चोरी, खोटे बोलणे, मारामारी अशी. करणारा एक, सोसणारा एक. इथे करणारे हजार आणि प्रत्येकाचा वाटा न दिसण्याइतका. म्हणून तो वाटा शून्य होतो का? मला तसे वाटत नाही. हजार शून्ये मिळवली तर शून्यच यायला हवे होते.

मोठे बिल्डर, बुजवलेल्या पाणथळ जागा, निष्काळजी नियोजन यांचा दोष मोठा आहेच आणि तो मांडलाच पाहिजे. फा. फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईच्या चळवळीत आपली माणसे रस्त्यावर उतरली, तेव्हा टँकरवाले आपले पाणी उपसून नेत होते. राग रास्त होता. पण तेव्हा दुसरे नेत होते. आज मी स्वतःच्या हाताने ते गटारात सोडतो, आणि माझ्याविरुद्ध मोर्चा कोण काढणार? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० च्या शांतिदिनाच्या संदेशात पर्यावरणाचे संकट हा नैतिक प्रश्न असल्याचे सांगितले होते. ते वाचताना मला कारखान्यांची धुराडी दिसायची, माझे अंगण कधी दिसले नाही.

उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात अब्राहामाच्या काळातल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्याची हकीकत आहे. इसहाकाने त्या पुन्हा खणल्या आणि बापाने दिलेली नावेच त्यांना दिली. आमच्याकडे पलिष्टी आणि इसहाक एकाच घरात राहतात, म्हणून काम अवघड आहे. बावखलावर आता मुलाची खोली उभी आहे, ते उघडता येणार नाही. गेल्या वर्षी अर्ध्या अंगणातले ब्लॉक काढले, कडेला शोषखड्डा खणला, शौचटाकीपासून लांब. छपराचे पाणी पहिले दोन पाऊस बाहेर सोडून मग विहिरीत घेतो. उरलेल्या अर्ध्या अंगणावरून घरात अजून वाद चालू आहे. सुनेचे म्हणणे, गाडी चिखलात कशी लावायची? तिचेही खोटे नाही.

मावशींना मी अजून काही बोललेलो नाही. काय बोलावे ते ठरत नाही. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला, तेव्हा छत्री घेऊन त्यांच्या कुंपणापर्यंत गेलो आणि पाणी कुठवर आले आहे ते पाहून परत आलो.