लाल चांदणी

जो रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही, त्याच्यापुढे लाल चांदणी असते. दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीने एका धर्मादाय रुग्णालयासाठी सॉफ्टवेअर केलं. त्यातल्या भरतीच्या फॉर्ममध्ये ‘डिपॉझिट’पुढे ती चांदणी मी लावली. तसं सांगितलं होतं, हे खरं. का, असं मी विचारलं नव्हतं, हेही खरं.

गेल्या पावसाळ्यात बाबांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा त्यांना तिथेच नेलं. माझ्याकडे कंपनीच्या विम्याचं कार्ड होतं. पाच मिनिटांत आम्ही आत. शेजारच्या खिडकीपाशी एक बाई नवऱ्याला व्हीलचेअरवर घेऊन उभ्या होत्या. काउंटरवरची मुलगी अजिबात उर्मट नव्हती. “ताई, मी तरी काय करू? सिस्टीम पुढेच जात नाही,” म्हणाली. अक्षरशः खरं बोलत होती. मी बाबांमागे आत गेलो. बाहेर आलो तेव्हा ते दोघं तिथे नव्हते.

त्यांना नाकारलं कोणी? मुलगी म्हणणार सिस्टीमने, मी म्हणणार रुग्णालयाने, रुग्णालय म्हणणार नियमाने. पण नियम तर उलटा आहे! मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. या रुग्णांकडे भरतीसाठी डिपॉझिट मागायचंच नाही. (बुडणाऱ्या पैशांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी इतर रुग्णांच्या बिलांतले २ टक्के निधीत जमा होतात, म्हणजे बाबांच्याही बिलातले.) तातडीच्या उपचारांबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितलंय: आधी जीव वाचवा.

म्हणजे त्या बाईंना हक्क होता. फक्त तो त्यांना ठाऊक असायला हवा होता, आणि नवरा कण्हत असताना तो खिडकीपाशी भांडून मिळवायला हवा होता. चांदणीला कोणाशी भांडावं लागत नाही. ती गप्प राहून, रात्री-बेरात्री, प्रत्येकाला अडवते. मग हक्काची बाजूही तितकीच आपोआप का चालू नये? फॉर्मने आधी ‘तातडीचा रुग्ण आहे का?’ एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. अर्ध्या दिवसाचं काम.

दुसऱ्याच आठवड्यात मी बदल सुचवला. मॅनेजर म्हणाले, “क्लायंटने मागितलंय का?” काल पुन्हा लिहिलं, योजनेतली कलमं जोडून, आणि या वेळी प्रत थेट रुग्णालयाच्या अधीक्षकांना पाठवली. आज सकाळी मॅनेजरांनी भेटायला बोलावलंय.